ऊन, चार गोळे

विभा फोनवर म्हणाली, आई, ॲबरडीनला
साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
मग जरा थांबून, काल रक्ताचा रिपोर्ट आला.
अठरा.
पन्नास तरी हवं होतं म्हणे.

शेजारच्या खुर्चीत सोमालियाची हमदी होती,
तिचं चौदा.
नर्स दोघींना एकदमच समजावत होती:
तुमची कातडी पुष्कळ उन्हासाठी घडलेली,
इथलं ऊन तिच्या दाराशी बराच वेळ ताटकळतं,
आणि ऑक्टोबर उलटला की दारापर्यंतही येत नाही.
गोळी घ्या. बारा महिने.

मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर.
बाहेर जानेवारी, धुक्याचा नववा दिवस,
लष्करातून किल्ला दिसेना,
जसा कोणी उचलून नेला होता.
विभा हसली. म्हणाली, तिकडचं थोडं ऊन तरी पाठव.

नीतू, माझी सून, भिंडची.
सहा वर्षांत तिला आमचं सगळं कळायला लागलंय.
म्हणजे बहुतेक सगळं.
दुपारी नजरबागेतून ती घेऊन आली
ऊन.
चार गोळे, सरसोंच्या फुलासारखे पिवळे.
"दीदी ने मँगाया था न."

तिच्या भाषेत ती लोकर.
आणि माझ्या भाषेत धूप देवापुढे जळतो.
सातारा सोडून या घरात आले, त्या पहिल्या हिवाळ्यात
भदौरियांची काकू पलीकडच्या गच्चीवरून ओरडली,
"बहू, ऊपर आ, धूप ले ले,"
आणि मी खरोखरच
हातात धुपाटणं घेऊन जिना चढले होते.
काकू अजून सांगते ती गोष्ट, पाहुण्यांना.

ह्यांचे पणजे फौजेबरोबर उत्तरेला आले.
त्यांना इथे काय कमी पडलं
ते कोणी सुईने काढून मोजलं नाही.

विभा सावळी.
हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही.
मे महिन्यात मी तिला कडी लावून आत ठेवायची.
गल्लीत पोरी लंगडी खेळत,
ही खिडकीच्या गजांतून कोण बाद झालं ते ओरडून सांगायची.
साय, डाळीचं पीठ, संत्र्याची वाळवलेली साल.
सायकलवर पूर्ण बाह्या, ओढणी नाकापर्यंत.
काळी पडशील, काळी पडशील.
किती वेळा म्हटलं, त्याचा आकडा
कुठल्या लॅबमध्ये निघत नाही.

नीतूच्या माहेरी श्रावणात
दोन्यात गहू पेरून अंधाऱ्या खोलीत झाकतात.
भुजरिया.
पिवळे, लांब, मऊ कोंब निघतात.
लोक ते कानामागे खोचतात,
किती नाजूक, म्हणतात.

नीतूला मी चूक सांगितली नाही.
पोस्टात फॉर्मवरच्या रकान्याशी बाबू थांबला.
"अंदर क्या है?"
ऊन, म्हटलं.
त्याने लिहिलं, शिक्का मारला,
परदेशाचे पैसे घेतले.

दहाव्या दिवशी अकराच्या सुमारास
किल्ला परत जागेवर आला.
मी गच्चीत चटई टाकली,
साडी गुडघ्यापर्यंत ओढून पाय पसरले.
सत्तावन्न वर्षांच्या माझ्या पोटऱ्या,
दुधात बुडवून काढल्यासारख्या, बावळट.
भदौरिया काकूने पाहिलं,
काही बोलली नाही,
आपलाही मोजा काढला. एकच.

पार्सल तीन आठवड्यांनी पोचलं.
विभाला विणता येत नाही, हमदीला येतं.
हमदीने विचारलं म्हणे,
याला तुमच्याकडे काय म्हणतात?
मग, तू काय सांगितलंस?
आवाज तुटला, परत आला,
वाऱ्याचा की तिच्या हसण्याचा, कळेना.

ते राहू दे.
गोळी घेतलीस का?